निववेलीचा पहिला फुटवा

एका राज्यात, ज्याचं नाव आता कुणाच्याच ध्यानात उरलेलं नाही, घरोघरी परसदारी एकतरी अशी वनस्पती असे जी शेजारच्या परसात नसे. कुणाकडे सूत रंगवायची मुळी, कुणाकडे बाळंतिणीला द्यायचा पाला, तर कुणाकडे असं झुडूप की त्याची धुरी दिली की घरातला साप आपणहून उंबरा ओलांडून चालता होई. ही रोपं बाजारात मिळत नसत. ती मागावी लागत. मागितली की मिळत, पण रीत पाळावी लागे. देणारी आधी रोपाची गोष्ट सांगे: मला हे कुणी दिलं, तिला कुणी, त्याच्याही आधी कुणी, आणि कुणाच्या कसल्या दुखण्याला ते कामी आलं. घेणारीनं ती शेवटपर्यंत ऐकायची, मध्येच उठायचं नाही. आणि रोप रुजलं की त्याचा पहिला फुटवा आपण वापरायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. दुपारची भांडी आवरली की बायका ओल्या फडक्यात फांद्या गुंडाळून या दारातून त्या दारात जात. एवढ्याशा फांदीपायी दोन दोन घटका मोडत, चुलीवरचं दूध उतू जाई, आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. काय दिवस होते ते! नुसते आठवले तरी जीव हळहळतो.

त्या राज्यात हौसा नावाची एक विणकरीण राहत होती. नवरा परलोकी गेला होता, मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिची थोरली नणंद बयाक्का, अशा दोघीच. बयाक्काची जीभ तिखट होती आणि हात मऊ. हौसा नवी नवरी होऊन या घरात आली तेव्हा रडून रडून तिला ताप भरला होता. बयाक्कानं तिला निववेलीचा काढा पाजला, आणि बरी झाल्यावर त्याच वेलीची एक फांदी तिच्या हातात ठेवली. सासरी मिळालेली ती पहिली वस्तू. हौसानं ती जिवापाड जपली.

राज्याचा राजा हेमांगद. त्याची राणी मंजुघोषा एका वर्षी तापानं अंथरुणाला खिळली. वैद्य निववेल शोधत गावोगाव धावले. वेल मिळाली, पण ती घेऊन स्वार परतला तेव्हा राणीनं प्राण सोडला होता, राजवाड्यात नगारे थांबले होते. राजानं डोळे पुसले आणि आज्ञा केली, "यापुढं माझ्या राज्यात कुणाला वनस्पती शोधत फिरावं लागणार नाही. प्रत्येक दुर्मिळ रोप माझ्या बागेत जमा करा. जो लपवील तो सीमेपार जाईल."

अर्गळस्वामी नावाचा मांत्रिक पुढं झाला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं मोजकं.

"महाराज, मी बागेला अशी कुलपं घालीन की आतलं एक पान गळणार नाही."

"घाल," राजा म्हणाला.

मांत्रिकानं सात भिंती घातल्या, सात कुलपं लावली, आणि आतली सारी रोपं पाचूची झाली. खरोखरच पान गळेना. फूलही येईना. राजा रोज त्या हिरव्या चकाकत्या बागेत जाऊन बसे आणि तसाच परत येई.

लोकांनी रोपं नेऊन दिली. हौसानंही दिली, एक सोडून. निववेलीची एक फांदी तिनं कुंडीत नव्यानं लावली आणि हातमागाच्या पाठच्या कोनाड्यात लपवली. पोटात एकच भीती: उद्या वन्संना ताप आला तर? कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून तिनं बयाक्कालाही सांगितलं नाही. वेल चांगली फोफावली. पहिला फुटवा आला, तोही तिनं तिथंच वाढू दिला. चोरून ठेवलेली वेल, देणार तरी कुणाला?

मग तापाचं वर्ष आलं, आणि बयाक्का पडली.

हौसानं कोनाड्यातली वेल काढली, पाला खुडला, काढा केला, पाजला. ताप हलेना. दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. नुसतं हिरवं पाणी. पाल्याला वास नाही, कडवटपणा नाही. हौसा परसात येऊन बसली.

कुडावर एक धनेश पक्षी येऊन बसला होता. त्या राज्यात धनेश बोलत, त्यामुळे तिला नवल वाटलं नाही.

"पाला मुका झालाय," धनेश म्हणाला. "पहिला फुटवा अडवलास, म्हणून वेलीचा गुण गेला. आम्ही पक्षीसुद्धा फळ खाल्लं की बी दुसरीकडे नेऊन टाकतो."

"चुकलं माझं," हौसा म्हणाली. "आता उपाय?"

"तीन कामं कर. ही वेल ज्या सात हातांतून तुझ्यापर्यंत आली ते हात नावानिशी जाण. जिचं मन तू मोडलंस तिच्याकडून मूठभर माती मागून आण. आणि पहिला फुटवा अशा माणसाला दे, ज्यानं जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. उद्या दिवस मावळेपर्यंत झालं तर तुझी नणंद वाचेल."

एवढं बोलून धनेश उडून गेला. पंखांचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

पहिलंच काम अवघड. गोष्ट बयाक्कानं सांगितली होती, पण त्याला चाळीस वर्षं झाली. हौसा अंथरुणापाशी बसली.

"वन्सं, निववेल तुम्हाला कुणी दिली होती?"

बयाक्कानं डोळे किलकिले केले. "आत्ता विचारतेस? सांगितलं तेव्हा लक्ष कुठं होतं तुझं? माझ्या नथीकडं बघत होतीस टकामका."

"होते खरी. आता नीट ऐकते. सांगा ना."

बयाक्का सांगू लागली. दर नावाला थांबून, धाप टाकून. "मला ठकू कुंभारणीनं दिली. तिला लाडूबाई सुइणीनं. लाडूबाईला बिरोजी मेंढक्यानं, त्याची मेंढरं पावसानं गारठली होती तेव्हा या वेलीनंच वाचवली. बिरोजीला मल्लाप्पा वैदूनं. त्याला पारू कोळणीनं, होडीतून आणून. आणि पारूला डोंगरातल्या एका म्हातारीनं. तिनं नाव नाही सांगितलं. म्हणाली, डोंगराची आहे, डोंगराचं नाव घ्या." हौसानं बोटांवर मोजलं. बयाक्का धरून सात हात झाले. एवढ्या बोलण्यानं बयाक्काला ग्लानी आली. चाळीस वर्षांपूर्वीच का नाही ऐकलं आपण, म्हणून हौसाचे डोळे भरून आले.

दुसरं काम शेजारी होतं, आणि तेच जास्त लांब वाटलं. गेल्या वर्षी शेजारच्या चंद्राईची लेक तापानं फणफणली होती. चंद्राई कुडापाशी येऊन हळूच म्हणाली होती, "हौसाबाई, निववेलीचं एखादं पान राहिलंय का गं तुझ्याकडं?" आणि हौसा म्हणाली होती, "नाही गं बाई." पोर वाचली, पण दोन महिने अंथरुणात होती.

हौसा कुडापाशी उभी राहिली. "चंद्राई, वेल होती माझ्याकडं. मी खोटं बोलले."

चंद्राईच्या हातातलं सूप थांबलं. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "वाऱ्यावर वास यायचा. मग तोही यायचा थांबला."

"मूठभर माती हवी. वन्संसाठी."

चंद्राईनं सूप खाली ठेवलं. मग परसाच्या कोपऱ्यात गेली, जिथं पूर्वी तिचा दवणा होता, आणि ओंजळभर माती घेऊन आली. "रागावलेच आहे मी तुझ्यावर. बयाक्का बऱ्या झाल्या की भांडायला येईन."

"ये," हौसा म्हणाली. "जरूर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिला फुटवा कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि चंद्राईला बयाक्कापाशी बसवून वाट धरली. जन्मात कुणाकडे काही न मागितलेला माणूस राज्यात एकच. राजा. त्याच्यापुढं सारं आपोआप येई. लपवलेलं रोप घेऊन त्याच्यापुढं जाणं म्हणजे सीमेपार होणं, हे हौसाला पक्कं ठाऊक होतं. पण घरी वन्संचा श्वास कसा लागलाय तेही तिला ठाऊक होतं.

बागेच्या दारावर अर्गळस्वामी होता. "जमा करायला आणलंस?"

"नाही. द्यायला आणलं."

मांत्रिकाला असलं उत्तर कुणी दिलं नव्हतं. तो विचारात पडला तेवढ्यात हौसा आत गेली. बागेत राजा पाचूच्या चाफ्याखाली बसला होता.

"महाराज, ही निववेल. मी लपवली होती. हा तिचा पहिला फुटवा, तुमच्यासाठी."

"जमा कर."

"जमा करताना गोष्ट सांगायची नसते, महाराज. देताना सांगावी लागते."

राजानं तिच्याकडे पाहिलं. "सांग."

हौसानं चंद्राईची माती राजाच्या ओंजळीत घातली, त्यात फुटवा खोचला आणि सात हात सांगितले. आठवा स्वतःचा. काय लपवलं, कुणाशी खोटं बोलली, सारं सांगितलं. गोष्ट संपली तशी वेल राजाच्या ओंजळीतच रुजली, मनगटावरून वर चढली आणि तिला कोवळा फुटवा आला. बागेत कित्येक वर्षांत पहिल्यांदा कसलासा वास सुटला.

"आता याचं काय करायचं?" राजानं विचारलं.

"तो तुमचा नाही, महाराज. दुसऱ्या कुणाचा तरी आहे. घरच्या पाल्याचा गुण गेलाय, आणि माझ्या नणंदेला ताप आहे."

राजानं फुटवा खुडला आणि पुढं केला. हौसानं हात पसरला. पण राजाचा हात थांबला.

"गोष्ट," राजा म्हणाला. "सांगावी लागते ना?"

ऊन कलायला लागलं होतं. घर दोन कोस दूर. तरी हौसा खाली बसली, कारण रीत मोडून काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

राजा सांगू लागला. आठ हात त्यानं अचूक सांगितले. मग राणीचं नाव आलं, आणि राजाला थांबताच येईना. तिला पहाटे दव पडलेल्या पानांवरून बोट फिरवायची सवय होती. ती हसताना तोंडावर पदर धरायची. तापात तिनं पाणी मागितलं आणि त्यानं वैद्य मागवले. आज्ञा सुटल्यापासून राजा हे कुणाशी बोलला नव्हता. सावल्या लांबत होत्या, हौसाचे पाय आतल्या आत धावत होते, आणि ती बसून ऐकत होती. शेवटी राजा ओक्साबोक्शी रडला आणि म्हणाला, "एवढीच गोष्ट." मग फुटवा तिच्या हाती ठेवला.

त्याबरोबर पाचू विरघळला. पानं मऊ झाली, सळसळली, पिकलेली गळून पडली. अर्गळस्वामीच्या कमरेच्या किल्ल्यांना मोड फुटले. तो त्या झटकत झटकत पळाला, आणि जिथं जिथं किल्ली पडली तिथं भिंतीला भगदाड पडलं. पुढं त्याच भगदाडांतून लोक आपापली रोपं घरी घेऊन गेले. सीमेपार कुणालाच जावं लागलं नाही.

राजानं आपला घोडा दिला. हौसा घरी पोचली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. चंद्राईनं पाणी उकळतच ठेवलं होतं. काढा झाला, त्याच्या कडू वासानं घर भरलं, दोघींनी मिळून तो बयाक्काच्या ओठांत घातला. दिवस मावळला. बयाक्काच्या कपाळावर घामाचा थेंब आला, मग दुसरा. तिनं डोळे उघडले.

"कुठं गेली होतीस गं?"

हौसानं सगळं सांगितलं.

"म्हणजे मी इथं मरत होते, आणि तू राजाची गोष्ट ऐकत बसली होतीस?"

"हो, वन्सं."

"पुरी ऐकलीस?"

"पुरी."

बयाक्कानं अंग जरा भिंतीकडे सरकवलं, अंथरुणावर जागा केली आणि हौसाचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"मग सांग बघू," ती म्हणाली. "कशी होती गं राणी?"