हस्ताच्या पेरणीची कहाणी

ऐका भुईमाते, तुझी कहाणी. आटपाट मुलूख होता. मुलखातून नदी वाहत होती. नदीकाठी काळं रान होतं, वर मुरमाचा माळ होता. दोघी बहिणी होत्या. थोरली ठकू काळ्या रानात दिली, धाकटी राही माळावर दिली.

ठकूनं हस्ताचा वसा घेतला. पाऊस सरत येऊन हस्त नक्षत्र लागेपर्यंत रानाला बी दाखवू नये, हस्तात ओटीतून जोंधळा पेरावा, भुईला हळदकुंकू वाहावं. मग ठकूचं रान पिकलं. कणसांनी ताटं वाकली. राहीची सासू म्हणाली, "थोरलीचा वसा घे. भुई तिला पावते, तुला का पावायची नाही?"

मग राहीनं वसा घेतला. पहिल्या वर्षी ताटं वीतभर झाली आणि वाळली. सासू म्हणाली, "पूजेत मन नव्हतं." दुसऱ्या वर्षी मोडच आले नाहीत. चाऱ्यावाचून बैल मेला. सासू म्हणाली, "हिच्या हाताला गुण नाही." ठकू म्हणाली, "राही, तू मेली पहिल्यापासून धांदरट. आमच्याकडं नुसतं दव पडतं आणि जोंधळा वाढतो." तिसरं वर्ष लागलं. सासूनं बजावलं, "औंदा पिकलं नाही तर माहेरची वाट धर. लेकाला दुसरी करीन."

मग मृग लागला. राही मोकळ्या रानात रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. फाटकं लुगडं, भेगाळल्या टाचा. "बाई बाई, का रडतेस?" राहीनं सगळं सांगितलं. म्हातारीनं खुरप्यानं माती उकरली. वीतभर माती, खाली खडक.

"तुझ्या बहिणीकडं पुरुषभर माती. ती चार महिन्यांचं पाणी पोटात धरते. ही तीन दिवस धरीत नाही. हा वसा काळ्या रानातल्या बायकांनी आपल्यापुरता केला. मी कुणाला सांगितला नव्हता."

"मग मी काय करू?"

"घेतला वसा टाक. मृगातच बाजरी पेर, हुलगा पेर."

म्हातारी दिसेनाशी झाली. राहीनं त्याच दिवशी पेरलं. सासूनं तिला घरात घेतलं नाही. राही गोठ्यात राहिली. मग बाजरी भरली, हुलगा वेलावला. हस्त सरला तेव्हा बाजरी खळ्यावर होती. सासूनं राहीला चुलीपाशी बोलावलं. नव्या बाजरीची भाकरी खाल्ली आणि आयाबायांना म्हणाली, "आमचा वसा उशिरा का होईना, फळला."

राही म्हणाली, "वसा मोडला म्हणून पिकलं, आत्याबाई."

"थोरांपुढं बोलू नये."

"दोन वर्षं बोलले नाही. बैलाचं दावं रिकामं झालं."

आयाबाया भिंतीकडं बघत राहिल्या. सासूनं दुसरी भाकरी मागितली. राहीनं वाढली.

मग माळावरच्या तिघी सुना एकेक करून मागल्या दारानं आल्या. "कधी पेरलंस, काय पेरलंस?" विचारून गेल्या. चौथी आली नाही. तिच्या हाताला गुण नाही म्हणून तिला गेल्या सालीच माहेरी धाडली होती.

राहीला भुईमाता भेटली, तशी तुम्हां आम्हां भेटो, आणि वेळेत भेटो. ही बहुतां उत्तरांची कहाणी थोड्या उत्तरीं सुफळ, माळापुरती संपूर्ण.