हात सैल सोड

फार वर्षांपूर्वी निंबखोऱ्यात म्हाळसाक्का नावाची कासारीण होती. किती वर्षांपूर्वी, ते विचारू नका. मला ही गोष्ट सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं, आणि विचारलं की तो चिडायचा. म्हाळसाक्का बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन घरोघर हिंडायची. मूठ आवळली तर बांगडी चढत नाही, म्हणून ती प्रत्येकीला म्हणायची, "हात सैल सोड गं." तिने हात हातात घेतला की कसलीही मूठ सुटायची, असं म्हणतात.

त्या काळी गावात कुणावर आळ आला की पंच देवीच्या देवळापुढे बसत. आळ आलेल्याला मधोमध उभं करत. तो भ्यायलेला जीव गप्प राहिला की गुन्हा कबूल धरत. काम कसं झटपट व्हायचं. एकदा कुंभाराच्या घरातल्या सरजा नावाच्या बाईवर करणीचा आळ आला. गावातली गुरं मेली ती हिच्यामुळे, असं लोक म्हणू लागले. सरजाच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा म्हाळसाक्का पाटी खाली ठेवून पुढे गेली आणि तिच्या आवळलेल्या मुठी हातात घेऊन म्हणाली, "हात सैल सोड. मला सांग, मी त्यास्नी सांगते."

सरजा कुजबुजत राहिली आणि म्हाळसाक्का मोठ्याने सांगत राहिली. शेवटी तिने पंचांना एवढंच विचारलं, "करणी करताना हिला कुणी बघितलं?" कुणीच बघितलं नव्हतं. सरजा सुटली.

मग तशी रीतच पडली. आळ आलेल्याने हात पुढे करायचा, आणि कुणीतरी तो धरून त्याच्या बाजूने बोलायचं. दुसरं कुणी उठत नसे, म्हणून ते काम म्हाळसाक्काकडेच राहिलं. ती खऱ्या चोराचाही हात धरायची. लोक कुरकुरले की म्हणायची, "आधी ऐका तर. मग काय द्यायची ती शिक्षा द्या." लोकांना ते पटायचं. आळ आपल्यावर असला की जरा जास्तच पटायचं.

एका नवरात्रात देवीचे चांदीचे डोळे दिसेनासे झाले. देवळात पिराजी नावाचा परगावचा मेंढका निजला होता. तो परका होता आणि गरीब होता, गावाला एवढा पुरावा पुष्कळ झाला. पंचांनी दिव्य ठरवलं. उकळत्या तेलात हात घालायचा, भाजला तर तो चोर. न भाजणारा हात कुणी कधी पाहिला होता, देव जाणे.

म्हाळसाक्काने पिराजीचा हात धरला. "देवीचं डोळं गेलं म्हणता," ती पंचांना म्हणाली, "मग तुम्ही तरी आपलं उघडं ठेवा. देऊळ नीट धुंडाळलं का?"

हे गावाला झोंबलं. देवीचा चोर, आणि त्याचीही बाजू? हैबतराव पाटील उठून म्हणाले, "चोराच्या बाजूनं बोलतीया, म्हंजे वाटेकरीन असणार." ते बोलणं गर्दीत पेटत गेलं. कुणीतरी तिची पाटी उलथली. बांगड्यांचा चुरा झाला, डोळे काही निघाले नाहीत. मग लोक म्हणाले, विकले असतील.

आता आळ म्हाळसाक्कावर होता. रीतीप्रमाणे तिने हात पुढे केला आणि वाट पाहिली. समोर सरजा बसली होती. म्हाळसाक्काच्या तोंडून बोलून सुटलेले असे कितीतरी बसले होते. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी उठेल. ऊन उतरलं तरी हात तसाच होता. मला ही जागा सांगताना अजून वाईट वाटतं. शेवटी तिने आपला हात आपणच मागे घेतला. पंचांनी तिला वेशीबाहेर काढलं आणि पिराजीचा हात तेलात घातला.

असं म्हणतात, की ती वेशीबाहेर त्याच्यासाठी थांबली होती. त्याच्या भाजलेल्या हाताला कोरफड लावली आणि दोघं घाट उतरून गेली.

पुढे देवीच्या अंगावरचं शेंदराचं जुनं कवच एका सकाळी आपोआप गळून पडलं. आत चांदीचे डोळे होते, आपल्या जागीच होते. नवरात्रात पुजाऱ्याने वरून शेंदूर जाड थापला होता, एवढंच. देवी गावाकडे बघत राहिली, आणि गावातल्या कुणालाच मान वर करवेना.

माणसं चहूकडे धाडली, पण म्हाळसाक्का सापडली नाही. गावात मात्र बांगडी चढेना. दुसऱ्या कासारणी आल्या, पण बायकांच्या मुठी सुटत नव्हत्या आणि कांकणं हातावरच तडकत होती. नवऱ्या ओक्या हातांनी बोहल्यावर उभ्या राहिल्या. मग म्हातारी सरजा एक दिवस देवळापुढे मधोमध जाऊन उभी राहिली आणि रडत म्हणाली, "त्या दिशी म्या उठाया हवं हुतं." ते ऐकून एकेक जण तेच म्हणू लागला. त्यानंतर बांगड्या चढू लागल्या, असं म्हणतात.

आजही निंबखोऱ्यात कुणावर आळ आला की कुणीतरी उठून त्याचा हात धरतं. कुणी उठेपर्यंत बैठक सुरूच होत नाही, मग दिवस मावळला तरी चालेल. आणि कासारीण गावात आली की तिने पाटी उतरवताच बायका आधी तिचाच हात हातात घेतात आणि म्हणतात, "आक्का, हात सैल सोडा." नवी कासारीण असली की तिला वाटतं, थट्टा चाललीय. ती हसते. बायका हसत नाहीत.