चिमटी आणि तिचं धुम्म

एक होती उंदरीण. होती चिमटीभर, म्हणून नाव चिमटी.

गोदाआत्यांच्या घरी एक जुना लाकडी स्पीकर होता. त्याला दोन गोल पडदे. वरच्याला तार, तो गायचा. खालच्याला तारच नाही. वरचा हलला, की तोही हलायचा. धुम्म... धुम्म...

त्या धुम्मला पाठ टेकून चिमटी झोपायची. आईच्या पोटाशी झोपावं तशी.

एकदा काय झालं, खालचा पडदा फाटला. टर्रर्र. गाणं झालं बारीक. चिंईं चिंईं.

"घसा बसला बाई याचा," आत्या म्हणाल्या. त्यांनी स्पीकर बंद केला.

चिमटी या कुशीवर वळली, त्या कुशीवर वळली. मग उठली आणि निघाली. टुणुक टुणुक टुणुक.

गेली गफूरचाचांकडे. चाचा स्पीकर दुरुस्त करायचे.

"चाचा चाचा, पडदा द्या. पडदा मिळेना, धुम्म वाजेना, मला झोप येईना."

"इतका जुना पडदा? आता नाही मिळत, बेटा. नवा करावा लागेल. कागद आण, मग मी हलेन."

टुणुक टुणुक टुणुक. गेली कागद करणाऱ्या शेवंतामावशींकडे.

"मावशी मावशी, कागद द्या. कागद मिळेना, पडदा मिळेना, धुम्म वाजेना, मला झोप येईना."

"हात रिकामे आहेत गं माझे. कागद चिंधीचा होतो. चिंधी आण, मग मी हलेन."

टुणुक टुणुक टुणुक. गेली भिकाजीमामा शिंप्याकडे.

"मामा मामा, चिंधी द्या. चिंधी मिळेना, कागद मिळेना, पडदा मिळेना, धुम्म वाजेना, मला झोप येईना."

"शिवेन तेव्हा चिंधी पडेल ना. मशीन बसलंय रुसून. तेल आण, मग मी हलेन."

टुणुक टुणुक टुणुक. गेली तेलाच्या घाण्यावर, यमुनाकाकूंकडे.

"काकू काकू, तेल द्या. तेल मिळेना, चिंधी मिळेना, कागद मिळेना, पडदा मिळेना, धुम्म वाजेना, मला झोप येईना."

"मला काय सांगतेस? त्या बैलोबाला सांग. तो हलला, की मी हलेन."

बैल बसला होता डोळे मिटून.

"बैलदादा बैलदादा, हल ना रे. बैल हलेना, तेल मिळेना, चिंधी मिळेना, कागद मिळेना, पडदा मिळेना, धुम्म वाजेना, मला झोप येईना."

बैलाने एक डोळा उघडला.

"आत्यांकडून धुम्म यायचं. धुम्म, की एक पाऊल. धुम्म, की दुसरं पाऊल. आता कशावर चालू? धुम्म आण, मग मी हलेन."

चिमटी मटकन बसली. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

तिने डोळे मिटले. तिला धुम्म आठवलं. खूप खूप आठवलं. आणि पाय आपले आपणच हलले.

शेजारी होता तेलाचा रिकामा डबा. चिमटी चढली त्यावर. टुणुक.

डबा वाजला. धुम्म.

बैलाचा कान हलला.

टुणुक. धुम्म.

बैल उठला. टुणुक, धुम्म, एक पाऊल. टुणुक, धुम्म, दुसरं पाऊल.

बैल हलला, घाणा फिरला. कर्र कर्र.
तेल मिळालं, मशीन चाललं. खडखड खडखड.
चिंधी मिळाली, कागद झाला. थप्प थप्प.
कागद मिळाला, पडदा झाला. गोल गोल.

चाचांनी पडदा बसवला.

"चाचा, तार राहिली," चिमटी म्हणाली.

"याला तार नसते, बेटा. आधी दुसरं कुणी हललं, की हा हलतो."

"म्हणजे तुमच्यासारखाच," चिमटी म्हणाली.

चाचा मिशीत हसले.

आत्यांनी गाणं लावलं. वरचा पडदा गायला, खालचा हलला. धुम्म... धुम्म... आत्यांची मान हलली. तिकडे बैलाची शेपटी हलली.

सगळे सगळे हलले.

चिमटी तेवढी हलली नाही. ती गाढ झोपली होती.