आडवण्याचा बोलका खांब

आडवणे गावाच्या वरच्या माळावर फणसाचा एकच काळा खांब उभा आहे. भोवती घर नाही, वर छप्पर नाही. पाहुणे त्याला टेकून फोटो काढू लागले की धोंडू गुरव लांबूनच ओरडतो, "टेका खुशाल, पण त्याच्याशी बोलू नका." मग पाहुणे कारण विचारतात आणि गुरव सांगतो. सांगताना तो हसत नाही. या गोष्टीतल्या माणसांवर त्याचा अजून राग आहे.

इथे हैबतीचे घर होते म्हणे. हैबती, त्याचा मुलगा शिदू आणि सून ठकू, एवढीच माणसे. शिदूच्या आईने लावलेला फणस परसात उभा होता. ती वारली, आणि सुतक फिटते न फिटते तोच हैबतीने त्या फणसाला कुऱ्हाड लावली. नव्या घराला मधला खांब हवा होता, आणि त्याला अडवायची कुणाची छाती? शिदूने पडलेल्या झाडाजवळ उभे राहून शपथ घेतली, "आजपासून तुला आबा म्हणून हाक मारली, तर माझी जीभ झडंल." हैबती म्हणाला, "अन् त्या हाकेबिगर मी तुझं काही ऐकलं, तर मी हैबती न्हाई."

दोघे एकाच मातीचे. एका छपराखाली राहिले, एका चुलीवरचे जेवले, पण एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. काही सांगायचेच झाले तर त्या खांबाकडे तोंड करायचे. "खांबा, त्येला सांग, बैल सुटलाय." "खांबा, त्येला म्हणावं, डोळं फुटल्यात का तुझं?" मध्ये वावरणाऱ्या ठकूला सुरुवातीला हसू यायचे. पुढे येईनासे झाले.

कारण खांब बोलू लागला. असे सांगतात की आधी तो फक्त निरोप पोचवायचा. बाप शेतात असला तरी घरात बोललेले त्याच्या कानावर जायचे. मग तोंडातले पुरेना, तो पोटातलेही सांगू लागला. एका दुपारी दोघे पाठीला पाठ करून जेवत होते, ठकू वाढत होती, आणि खांबातून शिदूचा आवाज आला, "आईच्या जागी ह्यो मेला असता तर बरं झालं असतं." शिदूचे तोंड तर घासाने भरलेले होते. लगेच हैबतीचा आवाज आला, "जन्मला तवाच नरडं दाबायला हवं होतं." ठकूने हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली. तिला वाटले, आता तरी एकजण म्हणेल, हे मी बोललो नाही. कुणी म्हणाले नाही. दोघांनी जेवण पुरते केले आणि हात धुतले.

ठकूला तेव्हा दिवस गेले होते. या घरात मूल वाढवायचे, या विचारानेच तिला धडकी भरली. अबोला सोडा म्हणून ती नवऱ्याच्या पाया पडली, सासऱ्याच्या पाया पडली. दोघांनीही तिला खांबाकडे बोट दाखवले.

चैत्रात वळवाचे वादळ आले. भरदुपारी आभाळ काळे झाले, छपराचे गवत उडाले आणि आढे कडकडू लागले. शिदू आणि ठकू अंगणात धावले. हैबती मात्र आत खांबाला पाठ लावून बसून राहिला.

"मामंजी, बाहेर या! आढं मोडतंय!" ठकू ओरडली.

"ज्यानं बोलवायचं त्यानं बोलवावं," आतून उत्तर आले.

ठकूने नवऱ्याचा हात धरला. "मारा हाक. एकदाच मारा." शिदूच्या ओठांपर्यंत हाक आली होती, असे गुरव सांगतो. तसे असेल तर त्याचे पाप आणखी मोठे. त्याने दारातून आत पाहिले आणि म्हणाला, "खांबा, त्येला सांग, बाहेर ये."

इतके दिवस नको ते सांगणारा खांब त्या दिवशी गप्प राहिला. हैबतीही हलला नाही. अख्खे छप्पर खाली बसले, खांब तेवढा उभा राहिला.

मग शिदूने हाक मारली. ढिगारा उपसताना नखे निघाली, तरी तो तिन्हीसांजेपर्यंत "आबा, आबा" करत होता. त्याची जीभ काही झडली नाही.

हैबतीचे दिवस झाले आणि ठकूने गाठोडे बांधले. शिदूने वाटेत आडवे येऊन विचारले, "निघालीस व्हय?" तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती खांबाकडे वळली. "खांबा, त्येला सांग, माझं लेकरू ह्या माळावर वाढणार न्हाई." ती परत आली नाही. शिदूने पुढे मुलाचे तोंडही पाहिले नाही म्हणतात.

आजही आडवण्यात कुणी गेले की तिरडी लगेच उचलत नाहीत. मेलेल्याशी ज्याचा अबोला होता त्याला पुढे आणतात, आणि त्याने नात्याने हाक मारल्याशिवाय खांदेकरी वाकत नाहीत. कुणी पटकन हाक मारून मोकळे होते. कुणी दातावर दात रोवून उभे राहते, ऊन चढते, बाया रडून रडून थकतात. धोंडू गुरवाच्या थोरल्या भावाची तिरडी सकाळपासून दुपार कलेपर्यंत अंगणात होती. हाक मारायची होती ती धोंडूनेच.