छप्पर सोडायचा नियम

आईशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे मी तिथे नव्हतो, आणि ज्यानं सांगितली तोही नव्हता. पण खरी आहे.

"पण एकटा तोच का अडतो, बाबा?"

यामिनी रणदिवेनं तिसऱ्यांदा विचारलं. लतीफबाबा कांदा सोलत होते. नदीकाठी गवताची झोपडी, आत हा फकीर. बाहेर वाडीतली चाळीस माणसं वाट बघत उभी. नदी दरवर्षी काठ खाते, म्हणून दरवर्षी छप्पर अख्खं उचलून मागे न्यायचं. बाबा चहा घेऊन खालून चालतात. रिवाजच आहे.

यामिनीनं तीन वर्षं खपून एक नियम लिहिला होता. शेजारच्या चार देशांच्या विजेच्या तारा एकमेकींना जोडलेल्या. नवी पवनचक्की, नवं सोलर, काहीही त्यांना जोडायचं तर चारही देशांत एकच नियम. परवा सह्या. तीन देश तयार. चौथ्या, चिमुकल्या देशाचा म्हातारा इंजिनीअर कलम चौदावर बोट ठेवून बसलेला. त्यानं सही केली नाही तर तीन वर्षं पाण्यात.

"वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, बाबा. समुद्राकाठचं यंत्र आणि बर्फातलं यंत्र... एकाच ठेक्यात फिरतात."

सुरी थांबली.

"एकमेकांना न बघता?"

"न बघता."

"सुभानअल्ला..."

बाबांनी अर्धा सोललेला कांदा बाजूला ठेवला.

"वीज जास्त झाली की ठेका चढतो," यामिनी म्हणाली. "एका रेषेच्या वर चढला की नव्या केंद्रांनी तार सोडायची, म्हणजे वीज देणं थांबवायचं. सगळ्यांना रेषा एकच. कोणावर अन्याय नाही. म्हातारा म्हणतो, एकच रेषा नको. नुसता हट्ट."

"नियम छान आहे," बाबा उठले. "छपराला लाव."

यामिनीनं एका बांबूवर चुन्याची रेघ ओढली. "छप्पर हिच्या वर गेलं की हात सोडायचे. सगळ्यांनी."

"बाई, आम्ही तर आपापल्या कानापर्यंत..." बुटका हुसेन म्हणाला.

"कान सगळ्यांचे वेगवेगळ्या उंचीवर असतात, भाऊ."

"हो, ते आहेच," हुसेन म्हणाला.

छप्पर उचललं. यामिनी बांबू धरून बाजूनं चालली. खाली बाबा, हातात पेला. दहा पावलं झाली, माणसांना जोर चढला, छप्पर वर गेलं. रेघेच्या वर.

चाळीस जणांनी नियम पाळला.

...

गवतातून काही आवाज येईना. यामिनीच्या हातातला बांबू गळून पडला.

मग छपराच्या मधोमध गवत हललं. बाबांचं डोकं वर आलं. डोक्यावर चहाची पत्ती.

"आता तुमच्या रीतीनं," बाबा म्हणाले.

पुन्हा उचललं. पुन्हा जोर चढला, छप्पर वर जायला लागलं. ते कानाच्या वर गेलं तसा आधी हुसेनचा हात सैल पडला. मग त्याच्याहून उंच दोघांचा. मग आणखी तिघांचा. ताडमाड बाळा कोळी धरूनच होता. छप्पर आपोआप खाली आलं, तसे सुटलेले हात एकेक करून परत लागले. कोणी हाक दिली नाही. कोणी कोणाकडे बघितलं नाही. एवढं मोठं छप्पर पाण्यावरच्या होडीसारखं तरंगत नव्या खांबांवर जाऊन बसलं.

यामिनी उघड्या तोंडानं बघत राहिली.

तिनं पिशवीतून कागद काढला. कलम चौदातलं 'एकच रेषा' खोडलं. वर लिहिलं, 'प्रत्येकाची आपली'.

मग वाकून बाबांचे पाय धरले.

"बाबा, मी त्या म्हाताऱ्याला काय सांगू?"

बाबांनी रिकामा पेला उलटा करून बघितला.

"सांग, चाळीसात दहा जरी त्याच्यासारखे हट्टी असते, तर माझा चहा वाचला असता... चहाचे पैसे काढ."