भोइट्यांचा सोफा

घरातल्या वस्तू अजून आपापसात बोलत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. भोइट्यांच्या मालनबाईंनी थोडक्या पैशांत बैठकीची खोली सजवायला घेतली. जुन्या साडीचे पडदे शिवले, भिंतींना घरीच रंग दिला आणि बदली होऊन निघालेल्या शेजाऱ्यांकडून त्यांचा वापरलेला सोफा स्वस्तात आणला.

सोफ्याची ऐट काय वर्णावी! समोर अंथरलेल्या विटक्या सतरंजीकडे तो बघतसुद्धा नसे. पण संध्याकाळी सगळं घर आलं, ते थेट सतरंजीवरच बसलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"काय गं, मी टोचतो का यांना?" शेवटी न राहवून त्याने विचारलं.

"छे रे! पण खाली बसल्याशिवाय यांना शेंगा सोलता येत नाहीत की धड भांडता येत नाही," सतरंजी म्हणाली.

रविवारी पाहुणे आले. सोफ्यावर अंग चोरून बसले आणि चहा घेऊन पंधरा मिनिटांत उठले. सोफा खट्टू झाला. त्यात मालनबाईंचे यजमान दत्तोबा म्हणाले, "घरातलं कोणी बसत नाही त्याच्यावर. उगाच जागा अडते. विकून टाकू."

सोफ्याच्या स्प्रिंगा थरथरल्या.

"अहो, काहीतरीच काय!" शेंगा सोलता सोलता मालनबाई म्हणाल्या. "मग पाठ कशाला टेकायची?"

सोफ्याने पहिल्यांदाच खाली पाहिलं. घरातल्या चारही पाठी त्यालाच टेकल्या होत्या. इतके दिवस तो फक्त वर कोण बसतंय तेवढंच बघत होता.