जाईराणीचं गाळलेलं तळं

एक होती राणी. राजापण होता, पण त्याचं मागून सांगते. राणीचं नाव जाई. गुणा, पाय आत घे, सगळ्यांचं पांघरूण ओढलं जातंय. हं.

तर ही जाई काही राजाघरची लेक नव्हती, बरं का. डोंगरावर एक वाडी होती, तिथल्या ठकूबाईची ती एकुलती एक पोर. वाडीत घरं बारा आणि तळं एक. पण तळं कसं? भरल्या घरासारखं. त्यात बेडूक होते, खेकडे होते, शेवाळ होतं, गोगलगायी होत्या. निळ्या पाठीचा खंड्या काठावरच्या फांदीवर बसायचा. मुंगशीण पिल्लांना ओळीनं घेऊन पाण्यावर यायची. आणि तळ्यात थोरले होते.

थोरले म्हणजे कोण? एक कासव. जात्याच्या तळीएवढं मोठं. ठकूबाईच्या आजेसासूनंसुद्धा त्याला म्हातारंच पाहिलेलं. म्हणून त्याला कुणी अरे-तुरे करायचं नाही. थोरले जेवले का, थोरले आज उन्हाला बसले नाहीत, असं बोलायचे. ठकूबाई रोज भाताचा पहिला घास काठावर ठेवायची. नागपंचमीला पोरं त्यांच्या पाठीवर हळदीचं एकेक बोट ओढायची. जाई तीन वर्षांची असल्यापासून ओढत होती.

आता एक सांगते. थोरल्यांना बोलता यायचं. पण वर्षातनं एकदाच, आणि तेही एकच शब्द. एका वर्षी म्हणाले, "ऊन." त्या वर्षी ऊन फार पडलं. एका वर्षी म्हणाले, "पूर." मग वाडीनं गुरं वर नेली आणि वाचली. जाईचं लग्न झालं त्या वर्षी ती निघताना त्यांच्या पाया पडली, तेव्हा म्हणाले, "ये."

लग्न कसं झालं म्हणता? राजा शिकारीला आला, वाट चुकला, तळ्यावर पाणी प्यायला. घागर भरणारी जाई दिसली. झालं.

मग जाई राजवाड्यात आली. खाली गुळगुळीत फरशी, वर झुंबरं, खायला चांदीचं ताट. सगळं होतं, एक झोप नव्हती. जन्मापासून ती बेडकांच्या आवाजात निजलेली. इथं रात्र झाली की नुसती शांतता, कानाला टोचणारी. वैद्यानं जायफळ उगाळून दिलं. गवयानं गाऊन पाहिलं, तोच झोपला. शेवटी जाई राजाला म्हणाली, "मला बागेत तळं बांधून द्या. वरून पाणी पडेल, बेडूक येतील, मग मला झोप येईल."

राजा म्हणाला, "हात्तिच्या, एवढंच ना?"

राजाचा जीव होता तिच्यावर. तसं कुणी म्हणू नये की नव्हता.

मग राजानं लखमाजी पाथरवटाला बोलावलं. म्हातारा माणूस. सात गावांची तळी त्याच्या हातची. तो म्हणाला, "राणीसरकार, खड्डा खोदून पाणी भरणं सोपं आहे. तळं नांदतं करणं अवघड. तीन गोष्टी पाळाव्या लागतील. एक, तळ्याची एक बाजू उतरती ठेवायची, मातीची. बारक्या जिवाला उतरता आलं पाहिजे आणि चढताही आलं पाहिजे. दोन, पाणी येतं ती वाट उघडी ठेवायची. तीन, विरजण लावायचं."

राजा हसला. "तळं काय दही आहे?"

"तसंच आहे, महाराज. जुन्या तळ्याची एक घागर नव्या पाण्यात ओतायची, गाळासकट. त्या गाळातनं सगळं उठतं. नाहीतर पाणी नुसतं पाणी राहतं."

"आणि हे पाणी आणायचं कुठून?" राजानं विचारलं.

जाईच पुढं झाली. म्हणाली, "माझ्या माहेरच्या ओढ्याचं आणा. त्याच्याएवढं गोड पाणी नाही कुठं."

लखमाजी म्हणाला, "अर्धा ओढा आणू. अर्धा वाडीच्या तळ्याला लागतो."

"हो, हो," राजा म्हणाला.

मग काम निघालं. चार कोस पाट खणला. लखमाजीनं दगड असे रचले की पाणी एकावरून दुसऱ्यावर बोलत बोलत उतरावं. फटी ठेवल्या, खेकड्यांना घरं म्हणून. मधे खोल, काठाला उथळ. धबधबा छातीएवढा. बघून जाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

राजा बघायला आला. म्हणाला, "हा धबधबा? याच्याखाली म्हैस उभी राहिली तर पाठ कोरडी राहील. दसऱ्याला नऊ राजे येणार आहेत. सात पुरुष उंच करा."

आता सात पुरुष उंचीवरून पडायला अर्धा ओढा पुरतोय होय? सगळा वळवला. जाईला सांगितलं, थोडं जास्तीचं पाणी घेतलं. किती, ते तिनं विचारलं नाही.

मग राजा म्हणाला, "ही मातीची उतरंड कशाला? पाहुण्यांचे जोडे भरतील." तिथं घोटीव दगड बसवला, आरशासारखा. मग म्हणाला, "पाटातनं पालापाचोळा येतो." तर धबधब्याच्या माथ्यावर तांब्याची जाळी ठोकली.

लखमाजीनं हत्यारं पोत्यात भरली. "मी तळं बांधायला आलो होतो, महाराज. हे भांडं झालं." एवढं बोलून तो घरी गेला.

जाईनं मनाशी म्हटलं, जाऊ दे, विरजण तेवढं नीट लावू. माहेरी माणूस धाडला. ठकूबाईनं स्वतः कमरेएवढ्या पाण्यात शिरून घागर भरली. हातानं गाळ चाचपून त्यात घातला. चार कोस माणसानं डोक्यावरून आणली, न हिंदकळता.

घागर बागेत उतरवली तसा सगळा राणीवसा जमला. राजाची आत्या होती, नाकात मोठी नथ आणि जिभेला मोठी धार. तिनं घागरीत डोकावलं. आत काळा गाळ, त्यात शेपट्या हलवणारी बेडकांची पिल्लं, गोगलगायीची अंडी, कुजकी पानं.

आत्याबाई म्हणाल्या, "अगंबाई. जाईबाई, हे पाणी पीत होतात होय तुम्ही? तरीच."

तरीच काय, ते काही त्या बोलल्या नाहीत. पण बायका पदराआड हसल्या. जाईचे कान तापले. ती खाली बघून म्हणाली, "गाळून घाला."

ऐकलंत ना? राजानं चुका केल्या, आपण मोजल्या. ही मात्र तिची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आईनं हातानं चाचपून घातलेलं, ते तिनं लाजेपायी गाळून घ्यायला सांगितलं.

मग सात पदरी मलमल बांधली. घागर गाळली. वरचं सगळं राखेच्या ढिगावर फेकलं आणि खालचं काचेसारखं पाणी तळ्यात ओतलं.

महिना गेला, दोन गेले. धबधबा धो धो पडे. तळ्यात ढग दिसे, चंद्र दिसे. बेडूक मात्र एक नाही. राजानं शंभर बेडूक पकडून आणवले आणि तळ्यात सोडले. त्यांना बाहेर पडायला उतार कुठं होता? घोटीव दगडावरून घसरायचे, परत पाण्यात. तिसऱ्या दिवशी सगळे पोट वर करून तरंगले. मग राजानं बारा शिपाई झुडपाआड बसवले आणि सांगितलं, ओरडा. ते डराव डराव करायला लागले. हसा, हसा. त्यातला एक इतका चांगला ओरडला की त्याला हवालदार केला. पण जाईला झोप आली नाही.

मग एका दुपारी ती पडली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, अंगात त्राण नाही. कुठूनसा आवाज आला, खर्र खर्र. कुणी काहीतरी खरवडतंय. तिनं उशी कानावर घेतली. दुसऱ्या दुपारी पुन्हा, खर्र खर्र. जरा हळू. तिसऱ्या दुपारी तिचा नुकता कुठं डोळा लागत होता. राजवाड्यात आल्यापासून पहिल्यांदा लागत होता, बरं का. तोच पुन्हा, खर्र.

ती उठून बागेतल्या माळ्याला ओरडली, "काय खरवडतंय तिकडं? बंद कर ते आधी."

माळी धावत धबधब्याच्या माथ्यावर गेला. घटकाभरानं परत आला. म्हणाला, "बंद झालं, राणीसरकार." आणि तिथंच उभा राहिला, काहीतरी बोलायचं असल्यासारखा. मग न बोलता गेला.

आवाज बंद झाला. झोपही गेली.

मग जाईनं ठरवलं, विरजण चुकलं. दुसरी घागर आणायची, आणि ह्या खेपेला आपण स्वतः. पालखी नको म्हणाली. कमरेला घागर घेतली आणि पाटाच्या कडेनं डोंगर चढायला लागली. पाट कसा तुडुंब. वर गेली, तर पाटाच्या तोंडापुढं ओढा कोरडा. नुसते गोटे. मग तिचे पाय भरभर पडायला लागले.

वाडी आली. तळं कुठं? टाचेला भेगा पडतात ना, तशी भेगाळलेली जमीन. काठावर ठकूबाई बसलेली.

"आलीस? बस," आई म्हणाली. आत गेली आणि पानावर गुळाचा खडा घेऊन आली.

आपल्याकडे उन्हातनं कुणी आलं की गूळ-पाणी देतात. जाईनं गूळ तोंडात टाकला आणि पाण्याची वाट बघितली. आई काही उठेना.

"आई, पाणी?"

"पाणी तुझ्याकडं आहे. आम्ही दोन टेकड्या ओलांडून पार पाटाच्या तोंडाशी जातो, तिथनं घागर आणतो, ती सकाळीच संपते."

जाई म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही, आई."

"तू विचारलंस?"

आई पुढं म्हणाली, "खंड्या उडून गेला. मुंगशीण पिल्लांना घेऊन कुठं गेली कोण जाणे. सगळ्यांचा घोर लागतो बघ. एक थोरल्यांचा तेवढा नाही. पाणी आटलं तसे पाटात उतरले आणि निघाले पाण्याच्या मागं. मी म्हटलं, बरं झालं, लेकीकडं निघालेत. ती घेईल आत. कसे आहेत? भात घालतेस ना?"

जाईच्या घशात गूळ अडकला. खर्र खर्र. तिला कळलं, तो आवाज कशाचा होता.

घागर तिथंच टाकून ती पळत सुटली. चार कोस पळाली. माळ्याला गाठलं. म्हणाली, "त्या दिवशी काय बंद केलंस?"

माळ्यानं हात जोडले. "सरकार, मोठं कासव होतं. जाळीला नखं लावून बसलेलं. मी उचलून बागेच्या भिंतीबाहेर टाकलं. सरकार, ते बोललं. पण तुम्हाला कसं सांगू? त्यानं तुमचं एकेरी नाव घेतलं."

"काय म्हणालं?"

"जाई. एवढंच."

त्या वर्षाचा तेवढाच शब्द होता त्यांच्याकडं. कुठं खर्च केला बघा.

ती भिंतीबाहेर गेली. तापल्या कातळावर थोरले उलटे पडलेले. आत काही उरलं नव्हतं. पाठ सरळ केली, तर खोबणीत अजून हळद होती.

मग जाई रडली का? रडायला बसलीच नाही. हातानं जाळी उपटली, बोटं फाटली. लखमाजीच्या घरी गेली. दोघांनी मिळून पाटाच्या तोंडाला दगड रचले. राजा घोड्यावरून आला. "अगं, दसऱ्याला नऊ राजे येणार, त्यांना काय दाखवू?"

"धबधब्याची कोरडी भिंत दाखवा," जाई म्हणाली.

धबधबा थांबला. ओढा पुन्हा वाडीकडं वळला. तळ्याच्या भेगांत पाणी शिरलं. आणि खाली, हातभर मातीत, काही बेडूक दम धरून निजलेले होते. ते उठले. सगळे नाही, थोडे. जाईनं थोरल्यांची पाठ स्वतः उचलून नेली आणि काठावर पुरली. वर्ष गेलं, तळं भरलं, तेव्हा लखमाजीनं अर्धा ओढा पाटात सोडला, पहिल्या दिवशी म्हणाला होता तेवढाच. जाईनं गाळासकट घागर भरली आणि डोक्यावर घेऊन राजवाड्यात आली. गढूळ पाणी तिच्या तोंडावरून ओघळत होतं. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला. तिनं बघितलंसुद्धा नाही. घोटीव दगड फोडून उतार केला, छातीएवढा धबधबा केला, आणि घागर तशीच ओतली.

पावसाळा सरताना बेडूक बोलायला लागले. मग पाण्यावर भिरभिरणारे चतुर आले, खंड्या आला. एक मुंगशीण आली, तीच की दुसरी, देव जाणे. राजा त्या काठावर बसून म्हातारा झाला, सुखानं. बेडूक सुखानं राहिले. वाडी सुखानं राहिली. आणि जाई? जाईला झोप लागायची. फक्त कधीकधी बेडकांच्या आवाजाच्या मधेच तिला खर्र खर्र ऐकू यायचं. मग ती उठून बघून यायची. कुणी नसायचं.

दर नागपंचमीला ती माहेरी जायची, उन्हातनं, पायी. आई म्हणायची, "आलीस? बस." आत जायची. गार पाण्याचा तांब्या आणून द्यायची, भरलेला.

गूळ नाही दिला कधी. शेवटपर्यंत नाही.

संपली गोष्ट. दिवा बारीक करते. आणि हे बघा, दाराशी काही खरवडलं तर झोप मोडली म्हणून ओरडायचं नाही. आधी उठून बघायचं. आता मिटा डोळे.